बार्शी रोडवरचे चाचा आणि माझ्या गाडीचा पिवळा दिवा (लातूर)

दिवाळीपासून माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलेला. गाडी पळायला बरी, म्हणून महिनाभर मी तिकडं बघितलंच नाही. मग एका मोठ्या वर्कशॉपात नेली. स्कॅनरवर पी०४४३ कोड आला, ‘पर्ज वॉल्व्ह गेला’ म्हणून नवा बसवला, ३,२०० रुपये घेतले. मुरुडला घरी पोचेस्तोवर दिवा परत हजर! आता म्हणे कॅनिस्टर बदला.

शेजाऱ्यानं चाचा मेकॅनिककडं धाडलं. पत्र्याचं शेड, बसायला एक टायर. कोड बघून ते म्हणाले, “सर, हा कोड सर्किटचा हाय. वॉल्व्ह खराब हाय असं कुटं म्हनतो?”

टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात साठते आणि हा वॉल्व्ह उघडला की इंजिन ती ओढून जाळतं, एवढं त्यांनी हातानं नळ्या दाखवत सांगितलं. मग कनेक्टर काढून वॉल्व्हला मीटर लावला. २६ ओहम. “ठणठणीत हाय.” चावी ऑन केली तर एका पिनवर १२ व्होल्ट येत होते. म्हणजे फ्यूजही बरा. मग दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प अडकवून इंजिन चालू केलं. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दुसऱ्या वायरला थांबून थांबून अर्थिंग देतो, तेव्हा लॅम्प लुकलुकायला पाहिजे. इंजिन गरम झालं तरी ढिम्म.

बॅटरी सोडून ती वायर ईसीएमपर्यंत मोजली, तर मधेच तुटलेली. टेप उकलत उकलत बॅटरीच्या ट्रेखाली सापडली: उंदरानं कुरतडलेली, हिरवी पडलेली. मी गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी लावतो, हे ऐकून चाचा नुसते हसले.

सोल्डरचा डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून जोडली. लॅम्प लुकलुकला. कोड पुसला. त्याला तीन आठवडे झाले, दिवा लागलेला नाही. ६०० रुपये घेतले, त्यात माझा चहाही.

रेटिंगमधला एक स्टार कापतोय, कारण चार तास उन्हात बसलो आणि पक्की पावती मिळत नाही. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजला शेड बंद असतं.

निघताना चाचांनी विचारलं, “जुना वॉल्व्ह हाय का? द्या, बघू तरी.” तो त्या वर्कशॉपवाल्यांनीच ठेवून घेतला होता.