डीएमएलटी करू की डिग्री? कोकणातल्या मुलांनी आधी हे बघा

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या लॅबच्या खिडकीत दोन-चार मुलं येतातच, ताई डीएमएलटी, म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करू की डिग्री, म्हणून एकदाच लिहून टाकतेय. मी डिप्लोमावाली, माझी मावसबहीण डिग्रीवाली, दोघी आजही लॅबमध्येच आहोत.

बारावीनंतरचा डीएमएलटी साधारण दोन वर्षांचा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा लॅब टेक्निशियनचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची डिग्री, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. मी डिप्लोमा घेतला कारण घरी लवकर पगार हवा होता आणि आई म्हणाली, मुंबैक कित्याक जातंस? पण माझ्या कॉलेजात पस्तीस जणांत एकच धड मायक्रोस्कोप होता, रक्त काढायला शिकले ते नोकरीत, पेशंटचे हात सुजवून, ते अजून मनाला लागतं. बहिणीने इंटर्नशिपचं वर्षभर मोठ्या हॉस्पिटलात सकाळी सातपासून सॅम्पल घेतले.

फरक कुठे कळतो सांगते. लावणीच्या दिवसांत तापाचे पेशंट रांगेत असतात, मलेरियाची स्लाइड, डेंग्यूची एनएस१ टेस्ट, लेप्टोस्पायरोसिसची आयजीएम टेस्ट, सगळं एकाच वेळी. अशात मशीनने एकाचे प्लेटलेट ४० हजार दाखवले, नातेवाईक घाबरले, मी पण घाबरले. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली आधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघ, आणि खरंच गठ्ठे होते, जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. निळ्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, आकडा व्यवस्थित आला. मला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून माझं मत डिग्रीकडे, घरची परिस्थिती झेपत असेल तर. नसेल झेपत तर डिप्लोमा बिनधास्त घ्या, पण हॉस्पिटल जोडलेलं असेल तिथेच. आता सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिकडे काय कोर्स आहेत ते आधी विचारा. बीएस्सी झाली असेल तर पदवीनंतरचा एक वर्षाचा डीएमएलटी पण असतो. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या नादी मात्र लागू नका. महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळेल का हे फी भरायच्या आधी लेखी घ्या, तोंडी हो ला अर्थ नाही.

आणि स्वतःची लॅब टाकायचं स्वप्न असेल तर ऐका, रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच सही लागते, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, डिप्लोमा असो की डिग्री.

अॅडमिशनआधी एका सोमवारी सकाळी आठला त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, सॅम्पल कलेक्शनसमोर तासभर बसा. किती पेशंट येतात आणि सुई कोणाच्या हातात आहे, स्टाफच्या की विद्यार्थ्यांच्या, तेवढं बघून या.