गूगल ॲडसेन्स: छोट्या मराठी साइटला परवडतं का?
संत्र्यावरच्या डिंक्या रोगासारख्या एवढ्याशा विषयाची साइट असेल, तर ॲडसेन्स (साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) चालतं. मराठी मजकूर स्वीकारतं, फी नाही. जाहिरातीच्या पैशात साइटवाल्याला साधारण 68 टक्के वाटा. घोडं अडतं पत्त्यावर! कमाई 10 डॉलर झाली की पत्ता पडताळायचा पिन (आकडी कोड) साध्या टपालाने घरी येतो. तो चार महिन्यांत खात्यात भरला नाही तर जाहिराती थांबतात. नागपुरात महाल-इतवारीच्या गल्लीतला पत्ता असेल तर जवळची खूण लिहाच. नाव बँक खात्यातल्यासारखंच हवं. 100 डॉलर जमले की पैसे पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेदरम्यान सुटतात. स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक? खातं गेलंच समजा. संत्र्याचा बहार (फुलोऱ्याचा हंगाम) सरला की वाचक आटतात, म्हणून आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांवर लिहून ठेवा.