तासावरच्या कामाची जाहिरात लिहून देणारी सर्विस: साडेतीन स्टार

गोडाऊनमध्ये पॅकिंगला तासावर माणसं हवी होती, माझी जुनी जाहिरात म्हणजे 'मेहनती, डायनॅमिक, टीम प्लेयर पाहिजे' आणि पगाराच्या जागी 'योग्यतेनुसार', मग फोन यायचे ते फक्त तासाला किती देता एवढंच विचारायला, आणि निम्मे लोक शिफ्ट रात्रीची आहे कळलं की गायब. शेवटी कंटाळून ही सर्विस घेतली.

त्यांनी लिहिण्याआधी मलाच अर्धा तास प्रश्न विचारले, ते खरं आवडलं. शिफ्ट किती ते किती, रविवार आहे का, आठवड्याला कमीत कमी किती तास नक्की मिळणार, ओव्हरटाइमचा रेट काय, किती किलोचं खोकं उचलायचं, दिवसभर उभं राहायचं का. हे सगळं वरच्या चार ओळीत आलं, तासाचा रेट तर सगळ्यात वर. 'पदवीधर' काढून टाकायला लावलं, खोकी भरायला पदवी कशाला हवी, मलाच हसू आलं. पदाचं नावही 'लॉजिस्टिक्स असोसिएट' होतं त्याचं साधं 'पॅकिंग हेल्पर' केलं, कारण लोक शोधताना तेच टाईप करतात ना.

आता अर्ज आधीपेक्षा कमी येतात पण जे येतात ते सगळं वाचून येतात.

दीड स्टार कापले कारण पहिल्या ड्राफ्टमध्ये 'तरुण मुलं हवीत' लिहिलेलं, वयाची अट कशाला बाबा, आणि अर्जाचा फॉर्म एवढा लांब की मोबाईलवर भरता भरता माणूस कंटाळेल, तो मीच छाटला.