सॅडलबॅग : आठ महिने, अकरा सहली आणि एक फुकटचं रेनकव्हर

परवा घाट उतरताना माझ्या बाइकच्या उजव्या सॅडलबॅगचं रेनकव्हर उडालं आणि मागून येणाऱ्या मित्राच्या हेडलाईटवर जाऊन बसलं. वीतभर वर, त्याच्या व्हायझरवर बसलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करायची अजून हिंमत होत नाही. पुढच्या वळणाआधी तो थांबला, कव्हर सोडवलं, माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "हे घे, तुझं फुकटचं." तेव्हाच ठरवलं, या बॅगांवर एकदाचं लिहून टाकायचं.

बॅगा नेहमीच्याच. सीटवरून दोन्ही बाजूंना टाकायच्या, पट्टे सीटमागच्या ग्रॅब रेलला आवळायचे, दोन्ही मिळून 40 लिटर. बाकीचे आकडे विकणारा सांगतोच. आठ महिन्यांत आम्हा चौघांच्या शनिवार-रविवारच्या अकरा सहली झाल्या, सगळ्या डोंगरातल्या, पैकी पाचांत पावसाने धुतलं. बाकी तिघांकडे रोल-टॉप, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा आहेत आणि मीही त्याच घ्याव्यात म्हणून तिघांनी डोकं खाल्लं होतं. मी पाहिलं की कापड 1680 डेनियरचं आहे, किंमत निम्मी आहे आणि वर रेनकव्हरची जोडी फुकट. फुकट म्हटलं की मला पुढचं ऐकू येत नाही.

डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे नंतर कळलं. आकडा मोठा असला की धागा जाड आणि कापड चिवट, एवढंच. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर, आणि शिवणीपाशी तोही हात टेकतो, कारण सुई जिथून गेली तिथे भोक. रोल-टॉपवाल्यांच्या बॅगांचे जोड शिवलेले नसतात, उष्णतेने एकजीव केलेले असतात. म्हणजे माझी सगळी भिस्त त्या कव्हरवर.

आता कव्हरबद्दल. चाळिशीत ते फडफडतं, साठीला फुगा होतं, ऐंशीला त्याला गाडी सोडून जायचं असतं. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्याला धरून ठेवायला काय, तर कडेचं इलॅस्टिक आणि एक प्लॅस्टिकचा हूक. तेही चाललं असतं. पण पट्ट्यांसाठी चाकाकडची बाजू उघडी ठेवलीय आणि तळाला पाणी निघून जायला भोक नाही. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी उडवतं ते बरोब्बर त्या उघड्या बाजूने आत येतं, तळाशी साचतं आणि बॅग त्यात बूड बुडवून बसते. दुसऱ्याच सहलीत मुक्कामाला पोचून कव्हर काढलं तर तांब्याभर गढूळ पाणी बुटांवर सांडलं. वरचा टॉवेल कोरडा, खालचे मोजे आणि जॅकेट पिळून काढले. आणि उंचीवर दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं. जिथे जॅकेट लागतं तिथेच ते ओलं.

तिसऱ्या सहलीत उजव्या कव्हरची कड सायलेन्सरला चिकटली. जळका वास आला म्हणून थांबलो, तोवर हूक गेला होता. सायलेन्सरवर तो काळा डाग अजून आहे. (हीट शील्ड लावायला हवी होती, ही चूक माझी. आता लावलीय.) कस्टमर केअरला फोन केला.

"सर, वॉरंटी बॅगेला आहे. कव्हर ही ॲक्सेसरी."
"बॅग आतून भिजते त्याचं काय?"
"कव्हर न लावल्यास भिजू शकते सर."
"लावलं होतं हो!"
"मग तो कव्हरचा प्रॉब्लेम झाला सर. आणि कव्हर ही..."

तीन ईमेल, चार फोटो आणि दीड महिना. शेवटी कव्हर आलं, तेही फुकट. उघडून पाहिलं तर डाव्या बाजूचं.

इथवर माझं मत एक स्टार होतं. मग सातव्या सहलीत फोटो काढायला उतारावर थांबलो, साइड स्टँड भुसभुशीत मातीत रुतला आणि लादलेली गाडी उजवीकडे आडवी करून मी शेजारी उभा. स्टँड डावीकडे असताना गाडी उजवीकडे कशी पडली म्हणाल, तर सावरायला जरा जास्तच जोर लावला. सगळा भार बॅगेवर आला. इंडिकेटर शाबूत, सायलेन्सर शाबूत, बॅगेला फक्त पांढरट खरचटा. एक टाका उसवला नाही. त्याच मुक्कामात कळलं की एका मित्राच्या महागड्या रोल-टॉपला घासून घासून बोट जाईल एवढं भोक पडलंय. मला वाईट वाटलं. फार नाही. तर कापड, बकल, पट्टे यांच्याबद्दल लिहायला बसताना जे बोलणार होतो ते मागे घेतो. फक्त एक: दोन्हीकडे वजन सारखं भरा आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) एक-दोन खाचा वाढवा. मी आधी वाढवला नव्हता, तर गाडी मागून बसायची आणि माझा हेडलाईट रात्री झाडांचे शेंडे दाखवायचा.

परवा मात्र ते डावं कव्हर मी उजव्या बॅगेला लावलं होतं. आलंय तर वापरू. त्यामुळे हूक मागे यायचा तो पुढे आला, मोकळी कड वाऱ्याच्या तोंडाला लागली आणि पुढचं तुम्ही वाचलंत.

पण गंमत अशी की उडाल्यानंतर दीड तास मी भर पावसात तशीच उघडी बॅग घेऊन चालवली, आणि आत जॅकेट, चार्जर, मोजे, सगळं ठणठणीत कोरडं. कारण गेल्या तीन सहली मी सामान कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत भरून ती पिशवी बॅगेत ठेवतो. तोंडाला पीळ द्यायचा, दुमडायचं, रबर लावायचं. बॅग बाहेरून खुशाल भिजू दे. म्हणजे गेल्या तीन सहली ते कव्हर नुसतंच हवा खात होतं आणि मी दर थांब्याला ते नीट करत होतो.

सध्या माझ्याकडे दोन डावी कव्हरं आहेत आणि एक जळकं उजवं. एक रात्री सीटवर घालतो, सकाळी दवाने बूड ओलं होत नाही. जळकं चेनला ल्यूब मारताना गुडघ्याखाली घेतो. तिसरं त्या मित्राला देऊ केलं, भोकावर बांधायला. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.