स्विफ्टमध्ये धुता येणारा कॉटन एअर फिल्टर: घ्यावा का, बसवावा कसा

के अँड एन कंपनीचा धुऊन पुन्हा वापरायचा कॉटन फिल्टर १.२ लिटर पेट्रोल स्विफ्टच्या एअर फिल्टरच्या मूळ डब्यात सरळ बसतो. कापाकापी नाही, भोकं पाडणं नाही, काम पंधरा-वीस मिनिटांचं. किंमत मात्र कागदी फिल्टरच्या दहा-पंधरा पट. पिकअपमध्ये मोठा फरक पडेल या आशेने घेणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. नीट धुऊन, हलकं तेल देऊन वर्षानुवर्षं वापरायची तयारी असेल, तरच हा माल घेण्यासारखा आहे.

आधी हिशेब पाहू. ११९७ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. सिलिंडर ८५ टक्के भरतात असं धरलं तर मिनिटाला ३०५० लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५० लिटर. एवढी हवा स्वच्छ कागदी फिल्टरमधून फारशी अडत नाही. फिल्टरमुळे दाब जितका कमी होतो, साधारण तितक्याच टक्क्यांनी हवा घटते: १०० किलोपास्कलमधला १ किलोपास्कल वाचवला तर १ टक्का. ८३ पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण एक अश्वशक्ती) इंजिनावर हा फायदा एक पीएससुद्धा भरत नाही, आणि तोही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच.

मायलेजचं तर विसराच. पेट्रोल गाडीत अर्ध्या थ्रॉटलवर (थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची पाकळीच करत असते. फिल्टर मोकळा केला की तुम्ही नकळत पाकळी थोडी कमी उघडता आणि इंजिनाला हवा तेवढीच मिळते. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं होतं. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलल्याने मायलेज वाढलं नाही, पण वेग घ्यायला लागणारा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. म्हणजे खरा तोटा तुंबलेल्या फिल्टरचा आहे. तीन-चारशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाकला तरी गाडी मोकळी होते.

घरच्या घरी मोजायचं असेल तर पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक मोजायची साधी नळी, पुरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ६ मिमीची पारदर्शक नळी यू आकारात एका फळीवर बांधा, प्रत्येक बाजू निदान ६० सेंमी उंच ठेवा आणि नळी अर्धी भरेल एवढं रंगीत पाणी घाला. इंजिनाची ब्रीदर होज (इंजिनातली तेलाची वाफ बाहेर नेणारी नळी) फिल्टरनंतरच्या, म्हणजे इनटेकच्या नळीला जिथे जोडलेली असते तिथे टी-जॉइंट घालून नळीचं एक टोक त्याला जोडा, दुसरं उघडं ठेवा. मध्ये एक रिकामी बाटली जरूर घ्या, म्हणजे पाणी चुकून ओढलं गेलं तरी बाटलीत थांबेल, इंजिनात जाणार नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि शेजारी बसलेल्याला दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर वाचायला सांगा. दर १० सेंमीला साधारण १ किलोपास्कल. जुना कागदी, नवा कागदी आणि कॉटन असे तिन्ही फिल्टर घालून वाचा. कॉटन घातल्यावर आकडा जेमतेम हलला, तर अडथळा फिल्टरमध्ये नाही, तो डब्यात हवा आणणाऱ्या नळीत किंवा डब्याच्या तोंडात आहे. मग फिल्टरवर कितीही खर्च करा, उपयोग नाही.

आता बसवणं. इंजिन थंड असताना डब्याच्या क्लिपा काढा, काही मॉडेलांत स्क्रू असतात. झाकण ओढताना सेन्सरच्या वायरवर ताण येऊ देऊ नका. जुना फिल्टर उचलण्याआधी डब्याच्या कडेचा कचरा पुसून घ्या, नाहीतर तो सरळ थ्रॉटलकडे पडतो. डबा ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. काँप्रेसरची हवा मारू नका, धूळ इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत जाते.

नवा फिल्टर बसवल्यावर झाकण लागलं म्हणजे काम झालं असं नाही. रबरी काठावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, झाकण लावून क्लिपा घट्ट करा आणि पुन्हा उघडा. झाकणाच्या खाचेत ग्रीसची रेघ चारही बाजूंनी अखंड उमटलेली दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात दोन बोटं रेघ तुटलेली असेल, तर तेवढ्या फटीतून न गाळलेली धूळ आत जाणार. महागडा फिल्टर घालून इंजिन झिजवण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. काठ पातळ वाटला तर सिलिकॉन थापू नका. तो नग परत करून योग्य मॉडेलचा घ्या. हजारेक किलोमीटरनंतर फिल्टरनंतरची, इंजिनाकडे जाणारी नळी काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर करडी धूळ आली तर सील गळतंय.

गाळण्याच्या बाबतीत कागद अजूनही पुढे आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. कागदाचं जाळं बारीक असतं आणि धूळ साचेल तसं ते आणखी बारीक गाळतं. कॉटनचं जाळं मोकळं असतं, तिथे धूळ तेलाला चिकटून अडते. तेल कमी पडलं की कण पार होतात. विकत घेताना एअर फिल्टरच्या आयएसओ ५०११ या प्रमाण चाचणीचे आकडे पाहा, पण चाचणीची धूळ आणि तुमच्या रस्त्याची धूळ एक नसते. रोजचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागून, खडीक्रशरजवळून किंवा काँक्रीटचं काम चाललेल्या हायवेने जात असेल, तर मी कागदीच सुचवेन आणि तोही कंपनीच्या मुदतीआधी बदलायला सांगेन.

धुण्यात लोक सर्वांत जास्त चुकतात. फिल्टर हलका आपटून मोकळी धूळ झाडा, कंपनीच्याच किटमधला क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारा आणि दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, साध्या नळाच्या कमी दाबाच्या पाण्याने धुवा. उलट धुतलं तर मळ कापडात रुततो. पेट्रोल, रॉकेल, डिझेल लावू नका. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन, हेअर ड्रायर आणि कडक ऊन तिन्ही वर्ज्य: कापूस आकसतो आणि तारजाळीपासून सुटतो. सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात याला पूर्ण दिवस लागतो, म्हणून जुना कागदी फिल्टर टाकून देऊ नका, त्या दिवशी गाडी त्याच्यावर चालवता येते.

तेल प्रत्येक घडीवर एकदाच, हलक्या हाताने. वीस मिनिटांनी पांढरे राहिलेले डाग दिसतील, तेवढ्यांनाच पुन्हा द्या. तेल गळून डब्यात साचतंय याचा अर्थ ते जास्त झालं. हे जास्तीचं तेल हवेबरोबर पुढे जाऊन एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या तापलेल्या तारेवर थर धरतं. सेन्सर हवा कमी मोजतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल कमी सोडतो, आणि गाडी ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर अडखळते. डब्यानंतरच्या नळीवर लगेच वायरचा सेन्सर दिसला तर बहुधा एमएएफ. मॅनिफोल्डवर (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागावर) असेल तर एमएपी, म्हणजे हवेचा दाब मोजणारा, मग हा धोका फारसा नाही. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं उपकरण) लावून फिल्टर बदलण्याआधी आणि नंतर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू पेट्रोल सतत किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आधी दोन-तीन टक्के होता आणि नंतर +१० टक्क्यांच्या पुढे गेला, तर सेन्सर मळलाय किंवा कुठून तरी न मोजलेली हवा येतेय. सेन्सर एमएएफच्याच स्प्रेने साफ करा. कार्ब क्लीनरने तो निकामी होऊ शकतो.

मूळ डबा काढून त्याजागी बसवायच्या उघड्या, शंकूच्या आकाराच्या कोन फिल्टरच्या किटबद्दल विचारणारे खूप असतात. छोट्या गाडीसाठी माझं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असंच आहे. मूळ डबा बोनेटच्या पुढच्या बाजूने बाहेरची थंड हवा घेतो. उघडा कोन इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता साधारण साडेदहा टक्क्यांनी घटते, आणि हवा तापली की ठोका (नॉकिंग) टाळायला ईसीयू इग्निशनची ठिणगीही उशिरा टाकतो. फिल्टरने मिळवलेला एखादा टक्का तिथेच संपतो. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यातल्या सिग्नलवर स्कॅनरवर इनटेकचं तापमान बघत बसा, पटेल. मग गाडी जोरात पळतेय असं का वाटतं? मूळ डब्यात आवाज शोषणारा रेझोनेटर असतो. तो गेला की इंजिन मोठ्याने घुरघुरतं. आवाज खरा असतो, वेग नसतो.

किटमध्ये बिघडणाऱ्या दोन गोष्टी तरी लक्षात ठेवा. ब्रीदर होज फिल्टरनंतरच्या नळीलाच जोडावी लागते, मोकळी सोडली तर तेलाची वाफ बोनेटमध्ये पसरते आणि धूळ इंजिनात जाते. दुसरं, एमएएफ बसलेल्या नळीचा आतला व्यास बदलू नका. ६० ऐवजी ७० मिमी केला तर नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं आणि सेन्सर हवा त्या प्रमाणात कमी मोजतो.

फिल्टर बंपरमागे खाली नेणाऱ्या किटपासून तर दूरच राहा. त्याला थंड हवा मिळते हे खरं, पण पहिल्याच तुंबलेल्या पुलाखाली पाणी ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन नसेल तर हा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून जातो. शिवाय जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई केली आहे. मूळ डब्यात बसणारा फिल्टर हा नेहमी बदलायचा भाग आहे. पण गाडी वॉरंटीत असेल तर बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

सीएनजीवाल्यांसाठी एक सूचना. सीएनजीवर गाडी मंद वाटते, कारण गॅस सिलिंडरमधल्या सुमारे दहा टक्के हवेची जागा घेतो. फिल्टर बदलून ती जागा परत मिळत नाही. जुन्या मिक्सरच्या किटवर, जिथे गॅस इनटेकच्या हवेतच मिसळतो, तेल लावलेला कॉटन फिल्टर तर टाळाच, तिथे बॅकफायर, म्हणजे उलटा भडका, थेट डब्यात येतो.

घ्यायचं ठरवलंच तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, नक्कल पुष्कळ फिरते. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, तारजाळी काठाच्या रबरात पूर्ण रुतलेली आहे का आणि रबर वाकवल्यावर तडकत नाही ना, हे दुकानातच पाहा. क्लीनर आणि तेलाचं किट त्याच वेळी घ्या, त्याचा खर्च वेगळा धरा. धुण्याची वेळ किलोमीटरवर ठरवू नका: दर सर्व्हिसला डबा उघडा, आणि घड्यांवरची तारजाळी धुळीखाली दिसेनाशी झाली की धुवा.