मनातली खातरी : देवाचे मार्गदर्शन की आपलीच ओढ? निर्णयापुढे उभ्या असलेल्यांसाठी तुलनात्मक आढावा

खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, मग ती नवापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची असो किंवा भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातली, साक्षीच्या वेळी, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, एक वाक्य वारंवार ऐकू येते : "प्रभूने माझ्या मनात घातले." या एका वाक्याच्या आधारावर कोणी कायमची नोकरी सोडतो, कोणी आलेले स्थळ नाकारतो, कोणी ऊसतोडीला गुजरातेत न जाता गावातच राहायचे ठरवतो, तर कोणी वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या भावाच्या दारात जाऊन क्षमा मागतो. निर्णय घेणाऱ्याची खरी अडचण अशी असते की पवित्र आत्म्याने दिलेली खातरी, स्वतःची तीव्र इच्छा, जुनी भीती आणि सभेतला उमाळा या चारही गोष्टी आतून जवळजवळ सारख्याच जाणवतात. त्यांतली कोणती कशी ओळखावी, हे त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळू लागते.

पापाविषयीची खातरी आणि दिशेविषयीची खातरी

सगळ्यांत आधी, आपल्यापुढे कोणत्या प्रकारची खातरी आहे, हे ठरवावे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू सांगतो की पवित्र आत्मा येऊन पाप, नीतिमत्त्व आणि न्यायनिवाडा यांविषयी जगाची खातरी करील. कापूस मोजताना काट्यात केलेली लबाडी, बहिणीला न सांगता सातबाऱ्यावरून उतरवलेले तिचे नाव, बायकोवर उगारलेला हात, या गोष्टी मनाला टोचू लागल्या तर ते टोचणे देवाकडून आहे की नाही, याचा शोध घेत बसण्याची गरज नाही, कारण त्याविषयी पवित्र शास्त्र आधीच बोललेले आहे आणि आत्मा फक्त ते आपल्या नावानिशी ऐकवत असतो. जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला तो त्याच भेटीत, येशूच्या समोर उभे राहून.

दिशेविषयीची खातरी वेगळी असते. भुसावळची नोकरी सोडून धडगावच्या डोंगरात सेवेला जावे की नाही, हे कोणत्याही वचनात लिहिलेले नाही. प्रेषित पौलाला आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमन प्रांतात) वचन सांगण्यास आत्म्याने मनाई केली, बिथुनियाकडे जाऊ दिले नाही आणि त्रोवसात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, तेव्हाही प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातली भाषा "आम्ही अनुमान केले" अशा अर्थाची, म्हणजे अनेकवचनी आहे. बंद झालेले दोन मार्ग, एक दृष्टान्त आणि सोबत्यांचा विचार यांतून तो निष्कर्ष निघाला होता.

माझे मत स्पष्ट आहे : पापाविषयीची खातरी आजच्या आज पाळावी आणि दिशेविषयीची खातरी पारखून घेण्यासाठी वेळ द्यावा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. संजीवन सभा (विश्वास जागवणारी सभा) संपल्यावर आठवडाभरात नोकरीचा राजीनामा दिला जातो. बहिणीच्या वाट्याचा प्रश्न मात्र दहा वर्षे "प्रार्थनेत" ठेवलेला असतो. ज्याला पूर्णवेळ सेवेचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, झाले आहे असे वाटते, त्याने आधी आपल्याकडे असे एखादे न पाळलेले साधे वचन शिल्लक आहे का, हे पाहावे. ते पाळल्यावर कधी कधी पाचारण आणखी स्पष्ट होते, तर कधी ते विरून जाते, कारण मनाला हवी असलेली मोठी सेवा ही त्या लहान आज्ञेपासून पळण्याची वाट असते.

खातरी आणि दोषभावना

या दोहोंमधला फरक समजून घेण्यासाठी येशूला नाकारणारा शिष्य पेत्र आणि त्याला धरून देणारा शिष्य यहूदा यांना एकत्र पाहावे. एकाच रात्री दोघांनी गुरूशी दगा केला आणि दोघांनाही त्याचे तीव्र दुःख झाले. यहूदाने तर चांदीची नाणी परत केली आणि आपण निरपराध रक्ताचा घात केल्याचे उघडपणे कबूलही केले, म्हणजे दुःखाची तीव्रता किंवा कबुलीची स्पष्टता यांवरून भेद करता येत नाही. भेद दिशेत आहे. पेत्राचे रडणे त्याला पुन्हा येशूकडे घेऊन गेले. यहूदाचे दुःख त्याला एकटेपणाकडे आणि मृत्यूकडे घेऊन गेले. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल ईश्वरप्रेरित दुःख आणि ऐहिक दुःख यांच्यात हाच फरक करतो.

व्यवहारात ओळखायचे ते असे. आत्म्याची खातरी नेमकी असते : अमुक दिवशी, अमुक माणसाला, अमुक शब्द तू बोललास, आणि आता अमुक करायचे आहे. दोषभावना धूसर असते : तू मुळातच वाईट आहेस, तुझी प्रार्थना वर पोहोचत नाही. पहिली गोष्ट कबुली दिल्यावर शांत होते. दुसरी कबुली दिल्यावरही नवे आरोप घेऊन परत येते. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा म्हटले आहे, आणि न थांबणे हेच त्या आवाजाचे लक्षण आहे.

हा त्रास अश्रद्ध किंवा दुबळ्या माणसांनाच होतो, असे कोणी समजू नये. प्रॉटेस्टंट सुधारणेचा पुढारी मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत असे आणि तरी त्याला शांती मिळत नसे. काही वर्षांनी, १५२२ साली, स्पेनमधल्या मान्रेसा येथे कॅथलिक जेझुइट संघाचा पुढचा संस्थापक इग्नेशियस लोयोला जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही सुटत नव्हता. शेवटी जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असे त्याने ठरवले, तेव्हा तो मोकळा झाला. पुढे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभ्या राहिलेल्या या दोघांचा हा अनुभव सारखा आहे, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल आणि मरणाचे विचार येत असतील, तर पाळकसाहेबांबरोबरच डॉक्टरांकडेही जावे, आणि त्यात विश्वास कमी पडल्यासारखे काही नाही.

उमाळा आणि टिकणारी ओढ

सभेत गाणे चढत जाते, शेजारचा रडू लागतो, वक्ता हात वर करायला सांगतो, आणि मनात काहीतरी पेटते. ते खोटे असते असे मी म्हणणार नाही, कारण देव गर्दीतही बोलतो. पण जोर हा पुरावा नव्हे. एलीया संदेष्ट्याच्या वेळी वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर नव्हता, आणि बालक शमुवेलाला हाक आली तेव्हा ती इतकी साधी होती की तो तीन वेळा याजक एलीकडे धावला.

उमाळा आणि खातरी यांतला भेद काळ दाखवतो. सभेनंतरच्या सोमवारी, शेतात किंवा कार्यालयात, कोणी पाहत नसताना आणि अंग थकलेले असताना ती गोष्ट अजून तशीच उभी आहे का? काही महिन्यांनी, उपास-प्रार्थनेनंतर, मन शांत असताना ती वाढली की ओसरली? इग्नेशियसचा एक नियम इथे प्रॉटेस्टंट वाचकानेही घ्यावा असा आहे : मन कोरडे, खिन्न आणि अंधारलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये. अधिकाऱ्याशी भांडण झालेल्या आठवड्यात झालेले "नोकरी सोड" हे पाचारण म्हणूनच जपून घ्यावे.

यिर्मया संदेष्ट्याचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत उपयोगी वाटते. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना आणि तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथचे शेत विकत घ्यायला सांगेल, असे वचन त्याला मिळाले. हनामेल खरोखर आला आणि तेच बोलला, तेव्हा "हे परमेश्वराचे वचन आहे, हे मला कळले", असे यिर्मया बत्तिसाव्या अध्यायात सांगतो. इतका मोठा संदेष्टाही आतल्या आवाजाला बाहेरची जोड मिळाल्यावर निश्चितपणे बोलला, आणि मग त्याने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केले, साक्षीदार घेतले. आत्मिक निर्णयात कागदपत्र नीट करणे अविश्वासाचे आहे असे मानणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

सभेत बोललेल्या देणगीलाही हेच लागू आहे. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखाने किंवा भाग पडते म्हणून नव्हे, असे पौल लिहितो. तेव्हा घरी जाऊन पत्नीशी बोलून दिलेले दान कमी पवित्र ठरत नाही.

चिन्ह मागणे, आणि दुसऱ्याला मिळालेला संदेश

चिन्हांबद्दल फार लिहिण्याची गरज वाटत नाही. गिदोनाने देवाकडे चिन्ह मागताना खळ्यावर लोकर ठेवली, पण त्याला इस्राएलाला सोडवण्याची आज्ञा आधीच स्पष्ट मिळाली होती. लोकर त्याच्या भीतीसाठी होती आणि देवाने त्या भीतीला सांभाळून घेतले. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडणे आणि बोट पडेल ते वचन घेणे ही तर मला सर्वांत दुबळी रीत वाटते, कारण तिच्यात वचनाचा संदर्भच गळून जातो. प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या त्या यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना. पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यानंतर, त्यांनी पुन्हा तसे केल्याची नोंद नव्या करारात नाही.

"तुझ्याविषयी प्रभूने मला दाखवले" हे मात्र अधिक गंभीर आहे. १ राजे १३ मध्ये यहूदा राज्यातून आलेल्या देवाच्या माणसाला त्या ठिकाणी खाऊ-पिऊ नये अशी स्वतःला स्पष्ट आज्ञा होती, पण वृद्ध संदेष्ट्याने "देवदूताने मला सांगितले" असे खोटेच म्हटल्यावर तो परतला, आणि वाटेत सिंहाने त्याला मारले. कोणी मुलगा एखाद्या मुलीला "प्रभूने तूच माझी पत्नी असे सांगितले" म्हणत असेल, तर तिच्यावर त्याचे कसलेही बंधन नाही. प्रभू तिच्याशीही बोलू शकतो.

आणि "गोळ्या बंद कर, तू बरा झालास" असे कोणीही, कितीही मान्यवराने, सांगितले तरी क्षयाच्या किंवा सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलची घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि याच भागात चिंचपाड्याला ख्रिस्ती माणसांनीच रुग्णालय उभे केले.

स्वतःची खातरी आणि मंडळीचा सल्ला

अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना पाठवण्याविषयी आत्मा बोलला तो उपास आणि उपासना करणाऱ्या समूहाशी. म्हणून जी खातरी कोणालाच दाखवायची नसते, तिच्याविषयी मला शंका येते. पण मंडळीच्या सल्ल्यालाही मर्यादा आहेत. लहान गावात वडीलमंडळ म्हणजे अनेकदा भावकीच असते, आणि तुमच्या जाण्याने किंवा राहण्याने त्यांचा फायदा-तोटा होत असतो. सल्ला अशा एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याकडून घ्यावा, ज्याला या निर्णयातून काहीही मिळणार नाही.

दोन्हींत विरोध आला तर काय, याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि ते सोपे नाही. सोर शहरातल्या शिष्यांनी आत्म्याच्या द्वारे पौलाला यरुशलेमेला जाऊ नको असे सांगितले, अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून पुढची कैद दाखवली, सगळे रडले. तिथे बेड्या आहेत, ही माहिती दोन्ही बाजूंना एकच मिळाली होती, निष्कर्ष मात्र वेगळे निघाले. पौल गेला, आणि शिष्य "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून गप्प राहिले. त्याचा हट्ट मला मान्य होतो तो एका कारणाने : त्या खातरीची किंमत तो स्वतः भरणार होता.

हीच कसोटी मी सर्वांत वर ठेवीन. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तानुयायांचा संघ सुरू केला. मधे दोन दशकांहून अधिक सेवा होती आणि सोडलेला पगार त्यांचा स्वतःचा होता. याउलट, म्हाताऱ्या आईला धाकट्या भावावर टाकून किंवा सोसायटीचे पीककर्ज जामीनदाराच्या गळ्यात घालून निघालेले पाचारण येशूने निषेध केलेल्या कुर्बानाच्या जवळ जाते, जिथे आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले म्हणून टाळले जात होते. घरात तुम्ही एकटेच विश्वासणारे असाल, तर आईबापांना दिलेला मान ही तुमच्या खातरीची पहिली परीक्षा होते.

शेवटी, ज्याला कोणतीच खातरी झालेली नाही आणि अर्जाची शेवटची तारीख मात्र जवळ आली आहे, त्याच्याविषयी. विधवेने कोणाशी लग्न करावे, याबद्दल पौल करिंथकरांना लिहितो की तिची इच्छा असेल त्याच्याशी ती करण्यास मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये असावे. पुष्कळ निर्णय असेच मोकळे ठेवलेले आहेत. धुळ्याची बदली घ्यावी की जळगावची, यापैकी कशातच पाप नसेल, तर मुलांची शाळा, घरभाडे आणि जवळची मंडळी पाहून पती-पत्नींनी ठरवावे, प्रार्थना करून सही करावी, आणि आवाज आला नाही म्हणून स्वतःला देवापासून दूर गेलेले समजू नये.