लग्नाचं विचारायचंय: सिद्धार्थ उद्यान की बीबी का मकबरा?

छत्रपती संभाजीनगरात तिला लग्नाचं विचारायचं आणि तो क्षण फोटोतही हवा, तर माझं मत सरळ मकबऱ्याला.

सिद्धार्थ उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाजवळच, पोचायला सोपं. पण आत प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी लेकराबाळांची झुंबड. मोठी लेन्स घेऊन कुणी उभं राहिलं की चार पोरं भोवती जमलीच, मग तिलाही शंका येणार. झाडाखाली उभं राहिलात तर पानांतून येणाऱ्या उन्हाचे ठिपके थेट चेहऱ्यावर पडतात. नंतर ते कितीही पुसा, जात नाहीत. तिला गर्दीत संकोच वाटत असेल, तर इथला एखादा सावलीतला बाक मात्र बरा.

मकबऱ्यात कॅमेरा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, सगळेच फोटो काढत असतात. फोटो काढणारा मित्र पर्यटकासारखा आधीच आत जाऊन थांबू शकतो. मुख्य दरवाजा दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने घुमटाच्या दर्शनी बाजूवर छान ऊन येतं. मधल्या वाटेवर दोघं एकमेकांसमोर, कॅमेऱ्याकडे बाजू करून उभे राहा, म्हणजे दोघांचे चेहरे आणि मागे घुमट एकाच चौकटीत बसतात. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवून सलग फोटो घ्या. अंगठीची डबी छातीच्या खालीच धरा, नाहीतर चेहरा झाकतो. पुरातत्त्व खात्याची वास्तू असल्याने ट्रायपॉडला परवानगी लागते. हातातच कॅमेरा धरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, तिकीट खिडकी उघडताच आत शिरा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी मात्र दोन्हीकडे नको.